दोन समुद्रांचा संगम : दारा शुकोह

सगळे धर्म शेवटी एकाच ठिकाणी पोचतात, हे बोलायला फार सोपे आहे. कीर्तनात कुणी बोलले म्हणजे आपण माना डोलवतो आणि कीर्तन संपले की चपला शोधायला लागतो. पण समजा, एखादा मनुष्य खरोखरच दोन धर्मांची पुस्तके शेजारी शेजारी मांडून बसला, ह्यातला हा शब्द आणि त्यातला तो शब्द एकाच वस्तूचे नाव आहे की काय हे एकेक करून पडताळू लागला, तर त्याच्या वाट्याला काय येईल? असा एक मनुष्य आपल्या देशात होऊन गेला. तो फकीर नव्हता आणि पंडितही नव्हता. दिल्लीच्या तख्ताचा वारस होता. त्याचे चरित्र आम्ही ह्या अंकी वाचकांपुढे ठेवीत आहो.

शहाजहान बादशहाचा वडील मुलगा दारा शुकोह ह्याचा जन्म 20 मार्च 1615 रोजी अजमेर येथे झाला. त्याच्या आधी मुलीच झालेल्या, म्हणून बापाने ख्वाजा मुइनुद्दीन चिश्ती ह्यांच्या दर्ग्यात मुलासाठी मागणे मागितले होते, आणि मुलगा झाला तोही अजमेरातच. नवसाचा मुलगा म्हणतात तो हा. आई मुमताजमहल. तिला एकंदर चौदा मुले झाली; चौदाव्या बाळंतपणात 1631 साली बुऱ्हाणपूर येथे ती वारली, हे ताजमहालामुळे सर्वांस ठाऊक आहे. दाराची वडील बहीण जहाँआरा आणि दारा ह्यांचे एकमेकांवाचून पान हलत नसे. धाकटा भाऊ औरंगजेब 1618 सालचा.

ह्या मुलांचे बालपण मात्र राजवाड्यातले सुखाचे नव्हते. शहाजहानने स्वतःच्या बापाविरुद्ध, म्हणजे जहांगिराविरुद्ध, बंड केले होते. बंड मोडल्यावर 1626 साली त्याला दोन मुलगे ओलीस म्हणून आजोबांकडे पाठवावे लागले. ते दोघे म्हणजे अकरा वर्षांचा दारा आणि आठ वर्षांचा औरंगजेब. पुढे एकाने दुसऱ्याचा जीव घ्यावयाचा, ते हे दोन भाऊ त्या परक्या झालेल्या घरात एकमेकांच्या आधाराने राहिले असतील. जहांगीर वारला तेव्हा, 1627 साली, शहाजहान कुठे होता म्हणाल तर आपल्या जुन्नरास. बातमी तिथे पोचली, तो उत्तरेस निघाला, आणि 1628 साली तख्तावर बसला. मुले परत आली.

1633 साली दाराचे लग्न चुलत बहीण नादिरा बानू हिच्याशी झाले. मोगल शहाजाद्यांच्या मानाने ही गोष्ट नवलाची की त्याने दुसरे लग्न केले नाही. पहिली मुलगी झाली आणि थोड्याच काळात गेली. त्या दुःखाने दारा अंथरुणास खिळला. हकिमांचे उपाय चालेनात. तेव्हा शहाजहान त्याला घेऊन लाहोरास मियाँ मीर ह्यांच्या झोपडीत गेला. हे कादरी पंथाचे साधू. कुणाकडून काही घेत नसत, शिष्य करायलाही नाखूष. त्यांनी मातीच्या वाटीतले पाणी मंत्रून दाराला पाजले आणि आठवड्यात तो उठून बसला, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे तो त्यांच्या दर्शनास अनवाणी गेला. बोलता बोलता मियाँ मीर लवंगा चावून टाकीत होते. दाराने त्या उचलून खाल्ल्या. आमच्या वाचकांस हा प्रकार काही परका वाटणार नाही. साधूचे उच्छिष्ट घेणे म्हणजे काय, हे वारकऱ्याला सांगावे लागत नाही.

मियाँ मीर 1635 साली गेले. त्यांचे शिष्य मुल्ला शाह बदख्शी काश्मिरात राहत. शहाजाद्याचा लबेदा मागे लागावा अशी त्यांचीही इच्छा नव्हती. पण दाराने नाद सोडला नाही, आणि अखेर 1640 च्या सुमारास तो आणि जहाँआरा अशी दोघेही कादरी पंथात आली. त्याच वर्षी दाराने मुसलमान साधुसंतांच्या चरित्रांचे पहिले पुस्तक पुरे केले, ‘सफीनतुल औलिया’. म्हणजे आपल्याकडच्या भक्तिविजयासारखेच समजा. दोन वर्षांनी मियाँ मीर आणि त्यांचे शिष्य ह्यांवर दुसरे. तोवर त्याचे लिहिणे सारे मुसलमानी संतांच्या अंगणातच चालले होते. हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण पुढे त्याच्यावर आरोप झाला तो असा की ह्याला आपल्या धर्माची माहितीच नव्हती. माहिती होती, आणि चांगली होती.

मग हा माणूस अंगणाबाहेर का पडला? त्याचे त्याने दिलेले कारण मोठे सरळ आहे. कुराणातली पुष्कळ वचने गूढ आहेत, त्यांचा अर्थ सांगणारे थोडे. ईश्वर एक आहे म्हणजे नेमके काय, हे त्याला उलगडून हवे होते. म्हणून त्याने मोशेचा तोरा पाहिला, दाविदाची स्तोत्रे पाहिली, ख्रिस्ती शुभवर्तमान पाहिले. तिथे एकत्वाची गोष्ट आहे, पण थोडक्यात आणि झाकून सांगितलेली, असे त्याला वाटले. भाषांतरेही समाधानकारक नव्हती. बुझेओ नावाचा एक जेझुइट पाद्री त्याच्याकडे येत असे. सरमद नावाचा एक अवलिया त्याच्या ओळखीचा होता. हा मूळचा इराणातल्या काशानचा यहुदी, नंतर मुसलमान झालेला, आणि नंतर अंगावर वस्त्रही न ठेवता दिल्लीत हिंडणारा. अशा सगळ्यांशी दारा बोलत असे. ह्या शोधात तो हिंदूंच्या ग्रंथांकडे वळला, कारण ज्या देशात तो राहत होता तिथे ह्या विषयाची चर्चा सर्वांत मोकळेपणाने चालते असे त्याने ऐकले होते.

ही वाट त्याच्या घराण्यात अगदीच नवी नव्हती. पणजोबा अकबराने 1575 साली फत्तेपूर शिक्री येथे इबादतखाना बांधला. तिथे मौलवी, ब्राह्मण, जैन यती, पारशी दस्तूर, आणि 1580 पासून गोव्याहून आलेले पाद्री वाद घालीत. महाभारताचे फारसी भाषांतर अकबरानेच करविले. पण अकबर मध्ये बसून ऐकणारा. त्याला लिहिता-वाचता येत नसे असे त्याच्या काळचे लोक सांगतात. दारा स्वतः लेखणी घेऊन बसणारा. हा फरक फार मोठा आहे असे आम्हांस वाटते. वादसभेत जो तो आपला पक्ष राखतो. भाषांतर करणाऱ्याला मात्र दुसऱ्याच्या शब्दापाशी थांबावेच लागते. त्याला पळवाट नाही.

1653 साली दाराला एक मोठी मोहीम मिळाली. कंदाहारचा किल्ला 1649 साली इराणच्या शहाने घेतला होता. औरंगजेबाने तो परत घेण्याचा दोनदा प्रयत्न करून दोन्ही वेळा हात हलवीत परतला होता. आता दारा मोठ्या तोऱ्यात गेला. पाच महिने वेढा घातला, किल्ला पडला नाही. त्याच्या छावणीत मंत्रतंत्राने किल्ला घेऊन देतो म्हणणारे भोंदूही जमले होते, आणि त्यांचे पोटही त्याच्या खजिन्यावर भरत होते. खरं सांगायचं तर दाराची पारख पुस्तकात जितकी तीक्ष्ण, तितकी माणसांत नव्हती.

हात हलवीत लाहोरास आला आणि तिथे त्याची गाठ बाबा लाल ह्यांच्याशी पडली. हे पंजाबातले वैष्णव बैरागी. दोघांचा संवाद कित्येक बैठका चालला, आणि तो फारसीत उतरलेला आहे. चंद्रभान ब्राह्मण नावाचा शहाजहानचा मुनशी, फारसीचा मोठा कवी, ह्याचे नाव त्या लेखनाशी जोडलेले आहे. प्रश्न शहाजाद्याचे, उत्तरे बैराग्याची. नाद आणि वेद ह्यांत भेद काय? राजा आणि राजाची आज्ञा ह्यांत असेल तितका, असे बाबांचे उत्तर. मूर्तिपूजा कशाला? तर मन स्थिर व्हावे म्हणून. लग्नाआधी मुली बाहुल्या खेळतात, घरसंसार मिळाला की बाहुल्या आपोआप सुटतात, तसे. आता हे उत्तर आम्हांला सगळेच काही पटत नाही. विटेवरच्या मूर्तीला कुणी बाहुली म्हटले तर वारकऱ्याचा जीव थोडा कळवळणारच, आणि आपले संत ज्ञान झाल्यावरही पंढरीस जावयाचे सोडीत नव्हते. पण प्रश्न विचारणाऱ्याचा भाव बघा. हरून आलेला सेनापती, आणि तो एका लंगोटीवाल्याला विचारतो आहे की आत्मा आणि परमात्मा ह्यांत अंतर ते काय. खोचून विचारलेला एकही प्रश्न त्यात आढळत नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, 1655 साली, दाराने आपले मुख्य पुस्तक लिहिले : ‘मज्मउल बहरैन’, म्हणजे दोन समुद्रांचा संगम. नाव कुराणातल्याच एका कथेतून घेतलेले आहे. पुस्तक लहानसे आहे, बावीस प्रकरणांचे. ह्यात त्याने काय केले, तर सूफींचे पारिभाषिक शब्द एका बाजूस आणि वेदांत्यांचे दुसऱ्या बाजूस ठेवून त्यांची जुळणी केली. पंचमहाभूते, इंद्रिये, प्राण, आत्मा, नाद, प्रकाश, ब्रह्मांड, प्रलय, मुक्ती असे एकेक. आपल्याकडे जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्या ह्या चार अवस्था. सूफींकडे नासूत, मलकूत, जबरूत आणि लाहूत हे चार लोक. दारा म्हणतो, हे तेच. ब्रह्मा, विष्णू, महेश हे जिब्राईल, मिकाईल, इस्राफील ह्या फिरिश्त्यांच्या जागी. महाप्रलय म्हणजे मोठी कयामत. आणि सर्वांत चमत्कारिक जुळणी अशी की सूफी ज्याला इश्क, म्हणजे प्रेम म्हणतात, जे त्या अव्यक्तातून पहिल्याने बाहेर पडले, त्यालाच हिंदू माया म्हणतात.

इथे आम्ही थोडे थांबतो. माया आणि प्रेम एक? शांकर मताच्या शास्त्रीबोवांना हे सांगा, ते पंचांग मिटून उठून जातील. मौलवीही विष्णूला फिरिश्ता म्हटलेले ऐकून घेणार नाही, आणि वैष्णव तर मुळीच नाही. दाराच्या जुळणीत अशा ढिल्या गाठी पुष्कळ आहेत. शब्दाला शब्द भेटला म्हणून अर्थाला अर्थ भेटतोच असे नाही. सृष्टी एकदाच झाली आणि एक दिवस तिचा निवाडा होणार, हा एक विचार. कल्पामागून कल्प येत राहतात, हा दुसरा. ह्या दोहोंच्या मध्ये दरी आहे, आणि ती दाराने बुजवली त्यापेक्षा अधिक खोल आहे. तरी पण त्याच्या आधी सहाशे वर्षे अल्-बिरुनीने हिंदूंच्या शास्त्रांविषयी जे लिहिले त्याच्याशी हे ताडून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. अल्-बिरुनी विद्वान जास्त, काटेकोर जास्त. पण तो काठावर उभा राहून नदी मोजतो. दारा नदीत उतरला. उतरणाऱ्याचे कपडे भिजायचेच.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती आम्हांला बोचते. ह्या पुस्तकाच्या आरंभीच त्याने लिहिले आहे की हे मी माझ्या घरच्यांसाठी आणि जाणत्यांसाठी लिहितो. दोन्ही जमातींतल्या सामान्य लोकांशी मला कर्तव्य नाही. आता त्याच सुमारास, म्हणजे पाचसहा वर्षे आधीपर्यंत, देहूस तुकोबाराय कुणब्या-वाण्यांपुढे टाळ घेऊन उभे होते. त्याही आधी पैठणास नाथांनी हिंदू आणि तुर्क ह्यांचा संवाद भारुडात रचला. दोघे कडाकडा भांडतात आणि शेवटी एकमेकांना मिठी मारतात, ते बाजारच्या माणसाला कळेल अशा बोलीत. श्रीगोंद्याचे शेख महंमद तर मुसलमान घरात जन्मून मराठीत योगाचे ग्रंथ लिहीत होते. ह्या मंडळींना राज्य नव्हते, पण ऐकायला माणसे होती. दाराला राज्य मिळावयाचे होते, आणि माणसे त्याने दाराबाहेर ठेवली. त्याचा संगम यमुनेकाठच्या हवेलीत झाला; बाजारात त्याची कुणाला खबर नव्हती. संकटाच्या दिवशी त्या हवेलीतून धावून येणारे कोण असणार?

असो. 1656 साली त्याने योगवासिष्ठाचे नवे फारसी भाषांतर करविले. त्याच्या प्रस्तावनेत एक स्वप्न आहे. दाराला वसिष्ठ ऋषी आणि श्रीराम दिसले. वसिष्ठांनी रामाला सांगितले की हा तुझा भाऊच आहे, ह्याला भेट. रामाने दाराला उराशी धरले, आणि वसिष्ठांनी दिलेली मिठाई त्याला भरवली. मग जाग आली आणि भाषांतराची इच्छा बळावली. बादशहाचा मुलगा हे लिहितो, आणि ते आपल्या नावाने प्रसिद्ध करतो, ह्यात केवढे धाडस होते ते आज आपल्याला समजायचे नाही.

पुढच्या वर्षी त्याहून मोठे काम. काशीहून पंडित आणि संन्यासी बोलावून, दिल्लीस निगमबोध घाटाजवळच्या आपल्या वाड्यात त्याने उपनिषदांचे भाषांतर सुरू केले. ते सहा महिन्यांत संपले. ईश, केन, कठ, मुंडक, छांदोग्य, बृहदारण्यक अशी मोठी, आणि अथर्वणातली पुष्कळ लहान, मिळून पन्नास. अर्थ लावताना शांकरभाष्याचा आधार घेतलेला दिसतो. कुठे कुठे भाष्य मुळातच मिसळून गेले आहे. नाव ठेवले ‘सिर्र-ए-अकबर’, म्हणजे महान रहस्य. आणि प्रस्तावनेत असे प्रतिपादन केले की कुराणात ज्या झाकलेल्या ग्रंथाचा उल्लेख आहे तो हाच असला पाहिजे. उपनिषदे कुराणाशी मिळती आहेत, किंबहुना त्याचा अर्थ उलगडणारी आहेत. ही ओळ त्याला पुढे फार महाग पडली.

ह्या पंडितांच्या मेळ्याशी ज्यांचे नाव जोडतात ते कवींद्राचार्य सरस्वती मूळचे आपल्या गोदातीरचे. काशीस जाऊन संन्यास घेतलेले. काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर त्यांनी शहाजहानकडे रदबदली करून माफ करविला, म्हणून त्या वेळच्या पंडितांनी त्यांच्या स्तुतीचे श्लोक जमवून ‘कवींद्रचंद्रोदय’ हा संग्रहच केला. दरबारातून त्यांस वर्षासन होते आणि दाराचा त्यांच्यावर लोभ होता. म्हणजे त्या संगमात गोदावरीचेही एक ओंजळभर पाणी होते म्हणायचे.

उपनिषदांचे काम 1657 च्या जून-जुलैच्या सुमारास संपले. सप्टेंबरात शहाजहान आजारी पडला. बस्स, तिथून सारे फिरले.

चार भाऊ : दिल्लीत दारा, बंगाल्यात शुजा, गुजराथेत मुराद, दख्खनेत औरंगजेब. मोगलांत वडील मुलालाच गादी असा नियम नव्हता. जो जिंकेल तो बादशहा, आणि हरेल त्याचा बहुधा जीव जावयाचा. ह्या लढ्याला पुष्कळ लोक धर्माचे युद्ध म्हणतात. आम्हांला ते तितके खरे वाटत नाही. औरंगजेबाच्या बाजूस हिंदू सरदार होते आणि दाराच्या बाजूस कट्टर मुसलमान लढून मेले. समूगढच्या रणावर दाराकडून रुस्तुमखान पडला आणि बुंदीचा छत्रसाल हाडाही पडला. भांडण तख्ताचे होते. धर्म त्यात हत्यारासारखा वापरला गेला, आणि हे हत्यार औरंगजेबाच्या हाती दाराच्या पुस्तकांनीच दिले.

शिवाय दाराचा स्वभाव आडवा आला. सर्वांभूती एक ईश्वर पाहणारा हा माणूस दरबारातल्या सरदारांचा चारचौघांत पाणउतारा करीत असे. बापाचा लाडका, 1655 साली बापाने त्याला शाह-ए-बुलंद-इक्बाल असा किताब देऊन आपल्याजवळ सोन्याच्या खुर्चीवर बसवले. त्याला प्रत्यक्ष राज्यकारभाराची आणि लढाईची झळ लागलीच नाही. औरंगजेबाचे आयुष्य मात्र घोड्यावर गेले. अहंकार गेल्यावाचून अद्वैत नाही, हे दाराने फारसीत उत्तम लिहिले आहे. पण लिहिलेले अंगी बाणायला वेळ लागतो, आणि वेळ त्याला मिळाला नाही.

एप्रिल 1658 मध्ये उज्जैनजवळ धर्मात येथे जसवंतसिंगाचा मोड झाला. मे महिन्याच्या अखेरीस आग्र्याजवळ समूगढ. वैशाखवणवा पेटलेला, चिलखतात माणसे होरपळून पडत होती. लढाई ऐन रंगात असता दारा हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. हौदा रिकामा दिसताच सैन्याला वाटले, मालक पडला. झाले, पळापळ. कुणी दगा दिला म्हणतात, कुणी चूक म्हणतात. शहाजहान आग्र्याच्या किल्ल्यात कैद झाला आणि जुलैत औरंगजेब तख्तावर बसला.

त्यानंतरचे वर्षभर दारा नुसता धावत होता. दिल्ली, लाहोर, मुलतान, सिंध, कच्छ, गुजराथ. मार्च 1659 मध्ये अजमेरजवळ देवराई येथे तो शेवटचा लढला. येतो म्हणालेला जसवंतसिंग आला नाही. ज्या अजमेरास नवसाने जन्म झाला, त्याच अजमेराच्या डोंगरातून रात्री बायकामुलांसह निसटावे लागले. अहमदाबादेच्या वाटेवर फ्रान्सुआ बर्निए नावाचा फ्रेंच वैद्य त्याला भेटला. नादिरेच्या पायाला दुखणे झाले होते, त्यावर त्याने तीन दिवस उपचार केले. अहमदाबादेने दरवाजे लावून घेतले तेव्हा त्या तांड्यातल्या बायकांचा आकांत कसा उठला, हे त्याने लिहून ठेवले आहे.

दारा इराणच्या वाटेला लागला. बोलन घाटाजवळ दादर येथे मलिक जीवन नावाचा सरदार होता. ह्याला पूर्वी शहाजहानने हत्तीच्या पायी देण्याची शिक्षा सुनावली होती आणि दाराने रदबदली करून वाचवले होते. त्याच्याकडे आसरा मिळेल अशी आशा. पण तिथे पोचण्यापूर्वीच, जून 1659 मध्ये, नादिरा वाटेत वारली. तिला हिंदुस्थानच्या मातीत, मियाँ मीर ह्यांच्या पायांशी पुरावयाचे होते. दाराने काय करावे? आपल्याजवळचे उरलेसुरले इमानी शिपाई तिच्या देहाबरोबर लाहोरास पाठवून दिले आणि स्वतः रिकामा राहिला. शहाणपणाच्या दृष्टीने ही मोठी चूक. आम्हांला मात्र सगळ्या चरित्रात ह्या जागी त्याच्याविषयी फार आदर वाटतो. दोनचार दिवसांत मलिक जीवनने त्याला धरून औरंगजेबाच्या माणसांच्या हवाली केले.

29 ऑगस्ट 1659. दिल्लीच्या रस्त्यातून एका मळकट हत्तिणीवर उघड्या हौद्यात दारा आणि त्याचा कोवळा मुलगा सिपिहर शुकोह ह्यांची धिंड निघाली. मागे नागवी तलवार घेऊन पहारेकरी. बर्निए त्या दिवशी चौकात उभा होता. बाया, पुरुष, मुले, सगळा बाजार मोठ्याने रडत होता, पण एकानेही तलवार उपसली नाही, असे तो सांगतो. ज्या सामान्य लोकांशी कर्तव्य नाही म्हणून दाराने लिहिले होते, तेच हे लोक. दुसऱ्या दिवशी त्यांनी मलिक जीवनवर दगड, राख, घाण फेकली. शहरात दंगा उसळला. दंग्याने घाई झाली. त्याच रात्री, म्हणजे 30 ऑगस्टला, दाराचा शिरच्छेद झाला. धर्म सोडल्याचा ठपका त्याच्यावर ठेवला होता. औरंगजेबाच्या दरबारी इतिहासात त्याचे गुन्हे मांडले आहेत. त्यांत ब्राह्मण-बैराग्यांची संगत, वेदांना ईश्वरी ग्रंथ मानणे, आणि नागरी लिपीत ‘प्रभु’ हा शब्द कोरलेल्या अंगठ्या वापरणे, हे आहे.

सरमदाचे डोके 1661 साली उतरले. दाराचा थोरला मुलगा सुलेमान ग्वाल्हेरच्या किल्ल्यात अफूचे पाणी पाजून पाजून 1662 साली मारला गेला. कवींद्राचार्यांचे वर्षासन बंद झाले. मथुरेच्या केशवदेवाच्या देवळास दाराने दिलेला दगडी कठडा औरंगजेबाने 1666 साली काढविला.

पुस्तके मात्र उरली. सिर्र-ए-अकबरच्या नकला होत राहिल्या. आंकेतिल द्युपेराँ नावाचा एक फ्रेंच तरुण पारशांचा अवेस्ता शिकण्यासाठी हिंदुस्थानात आला होता. सुरतेस दस्तुरांपाशी बसून तो शिकला आणि 1771 साली त्याने अवेस्ता फ्रेंचमध्ये छापला. त्याला 1775 साली फैजाबादेहून जंतील नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने दाराच्या भाषांतराची प्रत पाठवली. फ्रान्सात राज्यक्रांती झाली, राजाचे डोके गेले, आंकेतिल पॅरिसात ऋष्यासारखा अर्धपोटी राहून लॅटिन भाषांतर करीत बसला. 1801-02 साली स्ट्रासबर्गहून ते दोन भागांत निघाले : ‘औपनेखत’. फारसीतून लॅटिनात आलेली, दोनदा गाळलेली उपनिषदे. ती 1814 साली शोपेनहौअर ह्या जर्मन तत्त्वज्ञाच्या हाती पडली आणि मरेपर्यंत त्याच्या हातून सुटली नाहीत. त्याचे शिष्यत्व मानणाऱ्या पॉल डॉयसेन ह्याने 1897 साली साठ उपनिषदे मूळ संस्कृतातून जर्मनमध्ये आणली. त्याच्या आदल्या वर्षी कील शहरी त्याच्याकडे स्वामी विवेकानंद पाहुणे गेले होते. यमुनेकाठी फारसीत बांधलेली शिदोरी अशी कुठल्या कुठे उघडली गेली. कवींद्राचार्यांच्या ग्रंथसंग्रहाची यादीही नंतर सापडली. ती 1921 साली बडोद्यास छापली.

दाराला दिल्लीस हुमायूनच्या मकबऱ्यात पुरले. घुमटाखालच्या तळघरात, अकबराचे मुलगे मुराद आणि दानियाल ह्यांच्या जवळ, एवढे दरबारी इतिहासात लिहिलेले आहे. त्या आवारात शंभरावर कबरी आहेत आणि बहुतेकींवर नाव नाही. दाराची कबर कोणती हे ठरविण्यासाठी 2020 साली सरकारने पुरातत्त्व जाणणाऱ्या सात जणांची समिती नेमली होती. मृत्यूनंतर तीनशे साठ वर्षांनी.